बाजार मोजा : छोट्या रुग्णालयात मेंदूचा टीबी ओळखणं आणि त्याचे उपचार सुरू करणं

माझ्या ओपीडीत तारीख कुणी सांगत नाही. "ताप कधीपासून?" असं विचारलं की उत्तर येतं, "चार-पाच दिस." हे चार-पाच कधी दोन निघतात, कधी वीस. म्हणून मी बाजार विचारते. गेल्या बाजाराला ही स्वतः चालत गेली होती का? त्याच्या आधीच्या बाजाराला? तेव्हा डोकं दुखत होतं का? सातपुड्याच्या पायथ्याशी आठवडी बाजाराइतकं भरवशाचं कॅलेंडर दुसरं नाही. मेंदूच्या टीबीचं निदान निम्म्याहून जास्त या एका प्रश्नावर ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी फिजिशियन म्हणून काम करते. एक्स-रे आहे, साधी लॅब आहे, ऑक्सिजन आहे. सीटी स्कॅन नाही, न्यूरोसर्जन नाही. त्यासाठी रस्ता बरा असेल तर दोन तास. सरकारी सेवेच्या बाँडवर येणाऱ्या तरुण डॉक्टरांना वॉर्डात उभं राहून जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते. ऊसतोडीहून परतलेला सव्वीस वर्षांचा मुलगा. बारा दिवस डोकेदुखी, अधूनमधून ताप, उलट्या. बाहेर टायफॉइड म्हणून सलाईनं लागली होती. मी मणक्यातलं पाणी काढलं. घनमिलिमीटरला पेशी १८०, त्यातल्या बहुतेक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, टीबीत हाच जास्त असतो). "अर्धवट अँटिबायोटिक मिळालेला साधा मेंदूज्वर असेल" असं म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालू केलं आणि कल्चरची वाट पाहत बसले. पाचव्या दिवशी त्याला एकाची दोन माणसं दिसू लागली. सातव्या दिवशी तो शुद्धीत नव्हता. टीबीची औषधं तेव्हा सुरू झाली, आणि तो गेला. त्याला वाचवायला लागणारी प्रत्येक गोळी पहिल्या दिवसापासून आमच्या औषधखोलीत होती. अडलं होतं ते माझ्या निर्णयापाशी.

संशय कधी घ्यायचा

साधा जिवाणूंचा मेंदूज्वर एक-दोन दिवसांत माणसाला आडवा करतो. मेंदूचा टीबी हळूहळू येतो. आधी भूक जाते, माणूस चिडचिडा होतो, कामात लक्ष लागत नाही, संध्याकाळी कणकण येते. मग डोकेदुखी, उलट्या. मान ताठ होते ती बऱ्याचदा उशिरा, त्यामुळे मान मऊ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पाच-सहा दिवसांच्या वर चाललेला ताप आणि डोकेदुखी, त्यात उलट्या, बडबड, झोपाळूपणा किंवा तिरळेपणा यातलं काहीही असेल, तर मेंदूचा टीबी नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असं धरून चालायचं.

माणूस असंबद्ध बोलायला लागला की घरचे आधी भगताकडे जातात. त्यांच्यावर रागावू नका. रागावलात तर मधले दिवस लपवले जातात आणि तुमची मोजणी चुकते. "तिथे किती दिवस होतात?" असं सरळ विचारा.

बाळांत हा आजार आणखी फसवा असतो. खेळणं बंद, अंगावर पिणं कमी, विनाकारण ओकणं, वजन न वाढणं, टाळू फुगलेली. अंगणवाडीचं वजनाचं कार्ड मागून बघा. घरात कुणाला टीबी होता का, कुणी महिनोन्‌महिने खोकतंय का, हे आजीला विचारा. आईला कधीकधी माहेरचं माहीत असतं, सासरचं नसतं. बीसीजी या गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पण दंडावर व्रण आहे म्हणून टीबी नाही असं होत नाही. मॅन्टू (टीबीची त्वचेवरची चाचणी) निगेटिव्ह आहे म्हणूनही होत नाही.

तपासताना शुद्धीची पातळी आकड्यात लिहा, कारण उपचार त्यावर ठरतात. ग्लासगो स्कोअर (शुद्धीची पातळी मोजणारा आकडा, पूर्ण शुद्धीत १५) १५ आणि कुठलीही लकवा-तिरळेपणासारखी खूण नाही, तर पहिला टप्पा. स्कोअर ११ ते १४, किंवा १५ असूनही अशी एखादी खूण, तर दुसरा. १० किंवा कमी, तर तिसरा. इथे एक फार महत्त्वाची गोष्ट. आमच्याकडे रुग्ण पावरी किंवा भिली या आदिवासी बोली बोलतो आणि डॉक्टर मराठीत विचारतो. उत्तर आलं नाही की "गोंधळलेला" असं लिहून मोकळा होतो. उलटही घडतं. रुग्ण काहीतरी बोलला, आपल्याला कळलं नाही आणि आपण ते ठीक धरलं. नातेवाइकालाच विचारायला लावा, आणि उत्तर बरोबर होतं का तेही त्यालाच विचारा.

मलेरियाची रॅपिड टेस्ट, ग्लुकोमीटरवर साखर आणि एचआयव्ही या तीन तपासण्या दारातच करून घ्या. छातीचा एक्स-रे काढा. प्रौढांत साधारण निम्म्या रुग्णांना फुप्फुसातही काहीतरी सापडतं, आणि बाजरीचे दाणे विखुरल्यासारखी छाती दिसली तर निदान जवळजवळ हातात आलं. ऑफ्थॅल्मोस्कोप धूळ खात पडला असेल तर तो पुसून डोळ्यात बघायला शिका. दृष्टिपटलाची नस सुजली आहे का, मागे फिकट पिवळे ठिपके आहेत का, हे बघायला वीजही लागत नाही, दोन सेल पुरतात.

मणक्यातलं पाणी

"पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो" ही भीती घराघरांत आहे. संमतीच्या कागदावर अंगठा घेण्याआधी खाली बसून बोला. मी सांगते, "मावशी, डोक्यात आणि पाठीत मिळून जेमतेम पेलाभर पाणी असतं. शरीर दिवसाला अर्धा लिटर नवीन तयार करतं. मी त्यातलं दोन चमचे घेणार. दुपारपर्यंत भरून येईल." हे खरं आहे. हे पाणी, म्हणजे सीएसएफ, शरीरात सुमारे १५० मिली असतं आणि रोज सुमारे ५०० मिली बनतं. लुळेपणा सुईने येत नाही, उशिराने येतो, हेही सांगा.

एका बाजूची ताकद गेलेली असेल, बाहुल्या असमान असतील, डोळ्यातली नस सुजलेली असेल, शुद्ध झपाट्याने हरपत असेल, तर सीटीशिवाय सुई घालू नका. पण सीटी दोन तासांवर आहे म्हणून औषधही थांबवू नका. सुई नंतर घालता येते.

या सगळ्यात माझा सर्वांत जास्त आग्रह आहे तो पाण्याच्या मापाबद्दल. प्रौढाचं किमान ६ मिली, जमलं तर १० मिली घ्या. टीबीचे जंतू या पाण्यात फार विरळ असतात, आणि दोन मिलीच्या बाटलीत ते न सापडणं हे निदान नसून कंजूषपणा आहे. पाणी थेंबाथेंबाने वाहू द्या, सिरिंजने ओढू नका. दाब मोजायला मॅनोमीटर नसेल तर निर्जंतुक आयव्ही एक्स्टेन्शनची नळी सुईला जोडून उभी धरा आणि बाजूला मोजपट्टी लावा. कुशीवर झोपलेल्या रुग्णात पाणी २५ सेंमीच्या वर चढलं तर दाब नक्की वाढलेला आहे.

सुई घालण्याच्या थोडं आधी बोटाची साखर बघून ठेवा. लॅबमध्ये पाण्यातली साखर उद्या होणार असेल, तर त्याचा एक थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर टाका. यंत्र त्यासाठी बनलेलं नाही आणि आकडा नेमका नसतो, पण अंदाज येतो. रक्तात ११० आणि पाण्यात ३२ दिसले तर रात्री अकरा वाजता निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. गुणोत्तर ०.५ च्या खाली म्हणजे साखर कमी. प्रथिनांसाठी लघवीची डिपस्टिक बुडवा. ठळक रंग आला तर प्रथिनं वाढलेली आहेत. पेशी मात्र ताज्याच मोजायला हव्यात, तासाभरानंतर त्या फुटू लागतात. लॅबवाल्या भाऊंना आधी फोन करून मगच सुई घालते, कारण बाटली टेबलावर पडून राहिली तर सगळी मेहनत वाया.

टीबीत पाणी बहुतेक वेळा स्वच्छ किंवा किंचित धुरकट असतं. पेशी शंभर ते पाचशेच्या घरात, त्यात लिम्फोसाइट जास्त. प्रथिनं डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर. सुरुवातीच्या दिवसांत न्यूट्रोफिल (जिवाणूंच्या मेंदूज्वरात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त असू शकतात आणि एचआयव्हीत पेशी अगदी थोड्या, म्हणून एकाच आकड्यावर भाळू नका. मन द्विधा असेल तर २००२ मध्ये व्हिएतनाममधल्या रुग्णांवरून बसवलेला हिशेब वापरा. वय ३६ किंवा जास्त असेल तर अधिक २. रक्तातल्या पांढऱ्या पेशी १५,००० किंवा जास्त, अधिक ४. पाण्यातल्या पेशी ९०० किंवा जास्त, अधिक ३. त्यात न्यूट्रोफिल ७५ टक्के किंवा जास्त, अधिक ४. आणि आजार ६ दिवस किंवा जास्त, तर वजा ५. बेरीज ४ किंवा कमी आली तर टीबीच्या बाजूने. हा हिशेब प्रौढांसाठी आहे, तो टीबी आणि जिवाणूंचा मेंदूज्वर या दोघांतच निवड करतो, आणि एचआयव्ही असेल तर त्यावर विसंबू नये. पण त्यातला सर्वांत जड आकडा दिवसांचा आहे, हे लक्षात घ्या. म्हणून मी बाजार मोजते.

उरलेलं सगळं पाणी सीबीनॅटला (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या यंत्राला) पाठवा, बर्फाच्या डब्यात, वर ठळक "सीएसएफ" लिहून. त्याच्या अल्ट्रा कार्ट्रिजमध्ये "ट्रेस", म्हणजे अगदी पुसट खूण, असा निकाल आला तर थुंकीच्या बाबतीत आपण थबकतो. मेंदूच्या पाण्यात तो पॉझिटिव्हच धरायचा. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही जंतू दिसू शकतात, पण त्यासाठी भरपूर पाणी फिरवून त्याच्या गाळाची काच निदान अर्धा तास बघावी लागते. एचआयव्ही असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीची तपासणी न चुकता मागा; चित्र हुबेहूब टीबीसारखं असतं आणि उपचार पूर्ण वेगळे. एडीए या एन्झाइमचा आकडा एकटाच घेऊन बसू नका, तो इतर मेंदूज्वरांतही वाढतो.

आणि हे वाक्य वॉर्डाच्या भिंतीवर लिहिण्यासारखं आहे: सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाही असं होत नाही. खऱ्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत ही तपासणी निगेटिव्ह येते. ती पॉझिटिव्ह आली तर निदान पक्कं झालं आणि रिफाम्पिसिन (टीबीचं एक मुख्य औषध) चालेल का तेही बहुतेकदा कळलं. निगेटिव्ह आली तर आपण जिथे होतो तिथेच आहोत. जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात "रिपोर्ट निगेटिव्ह" म्हणून माझ्या रुग्णाची चालू औषधं बंद झाली होती. तीन आठवड्यांनी ती बाई माझ्याकडे परत आली तेव्हा तिची दृष्टी गेली होती.

औषधं, त्याच दिवशी

संशय पक्का झाला की पहिला डोस आजच. रेफरल करायचं असेल तर अँब्युलन्स येण्याआधी.

शासकीय चार औषधांच्या एकत्रित गोळ्या वजनावर ठरतात: २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, ६५ ते ७५ ला पाच. रोज, एकदम, उपाशीपोटी. वजन डोळ्यांनी ठरवू नका. उभं राहता येत नसेल तर नातेवाइकाने उचलून काट्यावर उभं राहावं आणि मग त्याचं वजन वजा करावं. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालून गोळ्या ऐन वेळी कुटून पाण्यात द्या आणि नळी पाण्याने धुऊन घ्या. सोबत पायरिडॉक्सिन (व्हिटॅमिन बी-६). आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेंदूत चांगली पोहोचतात, रिफाम्पिसिन थोडंच पोहोचतं पण त्याच्याशिवाय चालत नाही, इथॅम्बुटॉलही कमीच. म्हणून एकही डोस चुकणं इथे महागात पडतं. रिफाम्पिसिन वाढवून आणि लिव्होफ्लॉक्सासिन जोडून बघण्याचा प्रयोग व्हिएतनाममध्ये ८१७ प्रौढांवर झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. जीव जास्त वाचले नाहीत. तेव्हा नेहमीचीच औषधं, पण वेळेवर.

पहिले दोन महिने चारही औषधं, मग पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. एकूण नऊ ते बारा महिने. मी बारा करते. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिन्यांचा, इथिओनामाइड घातलेला जास्त मात्रेचा पर्यायही दिला आहे, पण तो बालरोगतज्ज्ञांशी बोलूनच. घरात कुणाला औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर त्याच दिवशी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना फोन करा.

डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड विसरू नका. २००४ मध्ये व्हिएतनामच्याच अभ्यासात ५४५ रुग्णांत त्याने मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात पहिल्या आठवड्याला किलोमागे दिवसाला ०.४ मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला ०.३, ०.२, ०.१. त्यानंतर तोंडाने दिवसाला ४ मिलिग्रॅम, आणि दर आठवड्याला १ मिलिग्रॅम कमी करत आठ आठवड्यांनी बंद. उदाहरणार्थ ४० किलोची बाई: पहिला आठवडा १६ मिलिग्रॅम, म्हणजे ८ मिलिग्रॅमच्या दोन व्हायल. मग १२, ८, ४. पुढे गोळ्या. आमच्याकडे ०.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, ४ मिलिग्रॅमला आठ लागतात. इतक्या गोळ्या बघून लोक घाबरतात आणि निम्म्या घेतात, म्हणून आठवड्यागणिक पुड्या बांधून देते. पहिल्या टप्प्यातल्या रुग्णाला ०.३ पासून सुरू करून सहा आठवडे. मुलांना प्रेडनिसोलोन किलोमागे २ मिलिग्रॅम, फार गंभीर असेल तर ४ पर्यंत, दिवसाला ६० च्या वर नाही. चार आठवडे आणि मग हळूहळू कमी. एचआयव्ही असलेल्यांत, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातल्या २०२३ च्या अभ्यासात स्टिरॉइडचा ठोस फायदा दिसला नाही, तसा अपायही दिसला नाही. तिथे मी मेंदूची सूज किती आहे ते बघून ठरवते. अशा रुग्णाला एचआयव्हीची औषधं नव्याने द्यायची असतील तर निदान चार आठवडे थांबा, लगेच सुरू केल्याने बिघडतं.

जिवाणूंचा मेंदूज्वर नाही याची खात्री नसेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सोबत द्या, प्रौढाला २ ग्रॅम बारा तासांनी. दोन्ही एकत्र देण्यात काही बिघडत नाही. एकाच्या भरवशावर दुसरं रोखण्यात माझा रुग्ण गेला.

पहिले तीन आठवडे

सलाईन द्यायचं ते नॉर्मल सलाईन. डेक्सट्रोजच्या बाटल्यांनी सोडियम उतरतं आणि सूज वाढते. या आजारात सोडियम आपसूकही उतरतं, म्हणून शक्य तेव्हा मोजा. उतरलं म्हणून पाणी तोडू नका. डोक्याकडची बाजू तीस अंश वर करा. खाट वळत नसेल तर खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. झटके आले तर लिव्हेटिरॅसिटॅम असल्यास तेच वापरा. फेनिटॉइन आयसोनियाझिडमुळे रक्तात साचतं.

सुधारणारा माणूस अचानक झोपाळू झाला, उलट्या परत सुरू झाल्या, तर मेंदूत पाणी साचलं असेल असं धरा. इथे मॅनिटॉल (मेंदूवरचा दाब उतरवणारं औषध) देऊन १०८ बोलवा आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणीच पाठवा. मधल्या एका रुग्णालयात थांबून परत रेफर होण्यात जो दिवस जातो, तो परवडत नाही. आमच्याकडचे लोक धुळे, नाशिक, सुरत यातलं जे जवळ आणि ओळखीचं तिथे जातात. आधी फोन करून न्यूरोसर्जन आज आहे का ते मी विचारते. चिठ्ठीत पहिल्या डोसची तारीख आणि वेळ, स्टिरॉइडची मात्रा, ग्लासगो स्कोअर, पाण्याचे आकडे, आणि लाल पेनाने: "टीबीची औषधं निगेटिव्ह रिपोर्टवर बंद करू नयेत."

कावीळ झाली, किंवा रक्तातलं एएलटी (यकृताची तपासणी) पाचपट चढलं, तर यकृताला त्रास देणारी तीन औषधं थांबवावी लागतात. पण मेंदूच्या टीबीत रुग्णाला एक दिवसही टीबीच्या सगळ्याच औषधांविना ठेवू नका. इथॅम्बुटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन आणि एखादं टीबीवरचं इंजेक्शन यांच्यावर वेळ काढा आणि वरिष्ठांचा सल्ला घेऊन बाकीची एकेक परत आणा. इथॅम्बुटॉल चालू असताना डोळे तपासा. शुद्धीत नसलेला माणूस दिसत नसल्याची तक्रार करू शकत नाही, म्हणून शुद्धीवर आल्या दिवशीच बोटं मोजायला लावा.

कधी सगळं नीट चाललेलं असताना महिन्या-दोन महिन्यांनी नवी गाठ उठते, ताप येतो. औषध लागू पडत नाही असं वाटतं. बहुतेकदा ती शरीराचीच प्रतिक्रिया असते. डोस चुकलेत का, जंतू दाद देईनासे झालेत का, ते आधी तपासा. तसं नसेल तर औषधं तशीच ठेवा आणि स्टिरॉइड परत वाढवा.

घरी जाताना

निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद दाखल झाल्याच दिवशी करा. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० ची दुप्पट झाली. पण बँकखातं आधारला जोडलेलं नसेल तर ते येत नाहीत. आशाताईंना हे काम पहिल्याच आठवड्यात द्या. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करा आणि पाच वर्षांखालच्या मुलांना, टीबी नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध सुरू करा.

बारा महिन्यांत एक ऊसतोडीचा हंगाम येतोच. दिवाळीनंतर टोळी गुजरातेत निघते, आणि उचल घेतलेली असते म्हणून थांबणं कुणाच्याच हातात नसतं. "जाऊ नका" असं मी आता म्हणत नाही. कुठल्या तालुक्यात जाणार ते मुकादमाकडून विचारून घेते, निक्षय आयडी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देते, आणि तिथल्या आरोग्य केंद्राला त्याच दुपारी फोन करते. निघण्याआधी महिन्याच्या गोळ्या सोबत देते. परतायचा महिना विचारून माझ्या डायरीत त्या पानावर नाव लिहिते, आणि फोन लागला नाही तर त्या गावचं कोण बाजाराला येतं, तेही.